डीपी एका मोटरीनं जळत नाही

रात्री साडेबाराला थ्री फेज आली की शिवारात काय होतं, हे ज्यानं कधी हरभऱ्याला ओलीत केलंय त्याला सांगायला नको. विहिरीवरच्या प्रत्येक पेटीत मोटर आपोआप चालू करणारा ऑटो बसवलेला असतो. माणूस घरी गोधडीत, आणि लाइन येताच चाळीसच्या चाळीस मोटरी एकाच क्षणी उठायला बघतात. उठताना मोटर चालू असतानापेक्षा कितीतरी पट करंट ओढते. डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, बसते, ओलीत ठप्प. म्हणूनच महावितरण शेतकऱ्यांना सांगत आली आहे की ऑटो काढा, कपॅसिटर लावा. यातली कोणतीही मोटर एकटी चालवून पाहा, ठणठणीत चालेल. तिच्यात दोष सापडणारच नाही.

मी तालुक्याच्या गावी राहून सॉफ्टवेअरचं काम करतो. आज ज्यावर लिहितोय त्याचं नाव काढलं की घरचे विचारतात, "कायचा लोड? ट्रॉलीचा?" डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसिजरचं लोड टेस्टिंग. एकट्यासाठी सुरळीत चालणारं काम शेकडो माणसं एकदम आल्यावर कसं वागेल, ते माणसं यायच्या आधी बघून ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ. मी ते एकदा बघितलं नव्हतं. त्यामुळे कापसाच्या गाड्यांमध्ये उभं राहून शिव्या खाल्ल्या, आणि मग शिकलो.

आधी प्रोसिजर म्हणजे काय

कापूस खरेदी केंद्रावर गाडी आली की ठरलेली कामं होतात. टोकन, ग्रेडरची पाहणी, ओलावा, भरलेल्या गाडीचा काटा, रिकाम्या गाडीचा काटा, पावती. यातल्या एकट्या टोकनसाठीच डेटाबेसला चार-पाच गोष्टी कराव्या लागतात: शेतकऱ्याची नोंदणी तपासायची, पुढचा नंबर काढायचा, नवी नोंद लिहायची, शेतकऱ्याच्या खात्यावर टोकन चढवायचं, केंद्राची आजची बेरीज वाढवायची.

खिडकीवरचा कॉम्प्युटर ही कामं एकेक करून डेटाबेसला सांगू शकतो. पण डोंगलवर नेट चालणाऱ्या गावात पाच वेळा जा-ये करण्यापेक्षा एकदाच "टोकन काढ" म्हणणं बरं. या सगळ्या पायऱ्या एका नावाखाली डेटाबेसच्याच पोटात लिहून ठेवल्या की झालं स्टोअर्ड प्रोसिजर. आम्ही पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरतो. त्यात प्रोसिजर या नावाची वस्तू २०१८ च्या ११ व्या आवृत्तीपासून आली, त्याआधी हेच काम फंक्शन करायचं. मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, सगळीकडे आपापल्या भाषेत हे आहे.

फायदा मोठा आहे. नियम एका जागी राहतो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये कपात, त्यापुढे खरेदी नाही, हे दहा ठिकाणी लिहावं लागत नाही. तोट्याबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. वेबसाइटवर गर्दी वाढली तर आणखी दोन सर्व्हर जोडता येतात, पण लिहिणारा डेटाबेस बहुतेकांकडे एकच असतो. काम त्याच्या पोटात घातलं की गर्दीही त्याच्याच दारात उभी राहते.

एकाच नंबरच्या दोन चिठ्ठ्या

माझं पहिलं प्रोसिजर सरळ होतं. आजचा सगळ्यात मोठा टोकन नंबर वाच, त्यात एक मिळव, नवी ओळ लिही. लॅपटॉपवर ४० मिलिसेकंद लागले, म्हणजे एका सेकंदात पंचवीस टोकनं. मी ते हजार वेळा चालवून पाहिलं, एकदाही चुकलं नाही. चाचणी झाली असं समजून मी ते केंद्रावर चढवलं.

पण हजार वेळा एकामागून एक चालवणं म्हणजे एकच माणूस हजार वेळा येऊन गेला. हजार माणसं आली असं होत नाही.

दिवाळीनंतरचा सोमवार होता. दोन दिवस खरेदी बंद होती, त्यामुळे रविवारी रात्रीपासूनच ट्रॅक्टर आणि मेटाडोर लागलेले. सहा खिडक्या एकदम उघडल्या. तासाभरात काट्याजवळ आवाज चढले.

"हा नंबर माहा हाय."

"तुहा कसा बे? हे पाय, माह्या हातात चिठ्ठी हाय."

दोघांच्याही हातात ११८ ची चिठ्ठी. दोन्ही खऱ्या, दोन्ही माझ्याच प्रोसिजरनं छापलेल्या.

झालं असं: तिसऱ्या खिडकीनं मोठा नंबर वाचला, ११७. तिनं ११८ लिहायच्या आत पाचव्या खिडकीनंही वाचलं, ११७. दोघींनी एक मिळवला, दोघींनी लिहिलं. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधली फट काही मिलिसेकंदांची. एकटा माणूस त्या फटीत कधीच सापडत नाही, आणि सहा खिडक्या दिवसभर चालल्या की कोणीतरी सापडल्याशिवाय राहत नाही. तारीख आणि नंबर मिळून युनिक इंडेक्स, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा लिहू न देणारा नियम, घातला असता तर दुसऱ्या खिडकीला निदान एरर आली असती, चिठ्ठी निघाली नसती. तो घातला नव्हता. चूक माझीच.

दुरुस्ती सगळेच करतात तशी केली. नंबरासाठी वेगळं टेबल केलं, त्यात केंद्राची एकच ओळ, आणि "वाचून मिळवून लिही" ऐवजी एकाच आज्ञेत "एकानं वाढव आणि वाढलेला नंबर मला दे". ही आज्ञा चालताना डेटाबेस त्या ओळीला कुलूप लावतो. ज्यानं कुलूप लावलं त्याचं काम कमिट होईपर्यंत, म्हणजे पक्कं नोंदलं जाईपर्यंत, बाकीचे बाहेर थांबतात. नंबर पुन्हा कधी दुबार आला नाही.

आता सगळी गर्दी त्या एका ओळीसमोर रांगेत उभी राहिली. हे माझ्या लक्षात यायला पुढचा सोमवार उजाडावा लागला.

रांगेचं गणित

कुलूप किती वेळ लागलेलं राहतं, यावर सगळं ठरतं. मी काय केलं होतं, तर नंबर वाढवला, नोंदी केल्या, मग शेतकऱ्याला एसएमएस पाठवला, आणि एसएमएस गेल्यावर कमिट. डोक्यात विचार चांगला होता, की एसएमएस गेला नाही तर टोकनही नको. पण एसएमएसला साधारण एक सेकंद लागायचा आणि तेवढा सगळा वेळ कुलूप माझ्या हातात. मग खिडक्या सहा असोत की साठ, सर्व्हर आठ कोअरचा असो की चौसष्ट, एका सेकंदाला एकच टोकन निघणार. सर्व्हरचा प्रोसेसर बघितला तर तो निवांत. तक्रार आली की आमच्यातले काही जण लगेच "सर्व्हर मोठा घ्या" म्हणतात. इथे मोठा सर्व्हर घेऊन तो फक्त मोठ्या ऐटीत वाट बघत बसला असता.

त्या हंगामात मोबाइलवरूनही टोकन घ्यायची सोय होती. सकाळी ८ ला बुकिंग उघडायचं. समजा २,००० जण बोट टेकवून बसलेत. सेकंदाला एक म्हणजे शेवटच्याला ३३ मिनिटं. ॲप ३० सेकंद वाट बघून "पुन्हा प्रयत्न करा" म्हणतं, म्हणजे पहिले तीसेक जण पार आणि बाकीच्यांना लाल अक्षरं. ते सगळे लगेच पुन्हा बटण दाबतात. काही ॲप तर माणसाला न विचारता आपणच पुन्हा दाबतात. इथे मला तो विहिरीवरचा ऑटो आठवला. लाइन आली की सगळे एकदम! पुन्हा प्रयत्न करायचाच असेल तर प्रत्येकानं वेगवेगळा, थोडा लहरी वेळ थांबून करावा, कोणी दोन सेकंदांनी, कोणी पाच, आणि दर अपयशाला थांबणं वाढवत न्यावं.

एसएमएस कमिटच्या बाहेर काढला. पाठवायचे निरोप एका टेबलात टाकायचे आणि दुसरं काम ते सावकाश पाठवत राहील. कुलुपाचा वेळ ४० मिलिसेकंदांवर आला. सेकंदाला २५, म्हणजे २,००० लोकांना ८० सेकंद. अजूनही ३० च्या बाहेरच. मग पायऱ्यांचा क्रम बदलला. नोंदणी तपासणं आणि बाकीची जी कामं कुलुपाशिवाय होतात ती आधी, नंबर वाढवणं अगदी शेवटी. कुलूप उरलं ५ मिलिसेकंद. सेकंदाला २००, दोन हजार लोक दहा सेकंदांत. प्रोसिजर एकट्यासाठी आधीही ४० मिलिसेकंदांचं होतं, आताही तेवढंच आहे. एकट्याच्या चाचणीत या दोघांत फरकच दिसला नसता.

रांगेबद्दल आणखी एक गोष्ट डोक्यात बसायला मला वेळ लागला. काट्यावर एका गाडीला सरासरी ३ मिनिटं लागतात असं धरा, आणि गाड्या कधीही येतात. काटा निम्मा वेळ गुंतलेला असेल तर वाट आणि वजन मिळून सरासरी ६ मिनिटं. ८० टक्के गुंतला तर १५ मिनिटं. ९० टक्क्यांवर अर्धा तास, ९५ वर एक तास. गाड्या ९० वरून ९५ झाल्या, म्हणजे जेमतेम साडेपाच टक्के वाढल्या, आणि वाट दुप्पट झाली. रांगेच्या शास्त्रातलं हे सगळ्यात साधं सूत्र आहे, लागणारा वेळ भागिले मोकळा वाटा. टेलिफोन एक्सचेंजमधल्या गर्दीसाठी एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञानं १९०९ मध्ये या अभ्यासाला सुरुवात केली. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना हे सूत्राशिवाय ठाऊक आहे. १९७२ ला कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली त्या काळच्या बंड्यांच्या रांगा ज्यांनी बघितल्या, ते सांगतात की बैल सोडून बंडीखालीच मुक्काम असायचा.

म्हणून "कालपर्यंत तर चालत होतं" हे वाक्य खरं असूनही कामाचं नाही. डेटाबेस काल ८५ टक्क्यांवर असेल.

खोटी गर्दी जमवायची कशी

साधनं फुकट आहेत. पोस्टग्रेससोबत पीजीबेंच येतं, आपली स्क्रिप्ट, ग्राहक किती आणि किती सेकंद चालवायचं एवढं सांगितलं की सुरू. मायएसक्यूएलसोबत मायएसक्यूएलस्लॅप येतं. कोणताही डेटाबेस चालेल असं हवं असेल तर अपाचेचं जेमीटर. जेमीटरबद्दल दोन सूचना करतो, कारण दोन्हीकडे मी फसलो. चाचणी तयार करताना खिडकीवालं रूप वापरा, पण खरी चाचणी कमांड लाइनवरून चालवा, नाहीतर आलेख रंगवण्यातच जेमीटरचा जीव जातो. आणि कनेक्शनची संख्या बघा. धागे, म्हणजे जेमीटरचे खोटे ग्राहक, शंभर आणि सगळ्यांत मिळून कनेक्शन दहा असतील, तर तुम्ही डेटाबेस मोजत नाही, त्या दहा कनेक्शनसमोरची रांग मोजता. तिथे शून्य टाकलं की प्रत्येक धाग्याला स्वतःचं कनेक्शन मिळतं.

अर्थात खऱ्या प्रणालीतही कनेक्शनला मर्यादा असतेच. काही न बदलता पोस्टग्रेस १०० कनेक्शन घेतो, त्यातली तीन प्रशासकासाठी राखीव. मायएसक्यूएल १५१ घेतो. त्यामुळे खऱ्या ॲपमध्ये जी मर्यादा आहे तीच धरून एक फेरी वेगळी करावी.

दोनशे लोक लॉग इन आहेत म्हणजे दोनशे प्रोसिजर एकदम चालू, असं नसतं. खिडकीवरचा पोरगा नाव विचारतो, सातबारा बघतो, मधेच कोणाशी बोलतो. दोन टोकनांमध्ये २० सेकंद जातात असं धरा आणि प्रोसिजरला अर्धा सेकंद. मग २०० भागिले साडेवीस, प्रोसिजरला सेकंदाला साधारण १० हाका, म्हणजे ते चालवायच्या विनंत्या, आणि कोणत्याही क्षणी डेटाबेसच्या आत पाचच जण. हा लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये सिद्ध केला आणि तो भाजीच्या दुकानापासून डेटाबेसपर्यंत सगळीकडे लागू पडतो. हा मधला वेळ चाचणीत घातला नाही तर दोनशे खोटे ग्राहक खऱ्या आठ हजारांएवढा मारा करतील, आणि तुम्ही नसलेल्या रोगावर औषध शोधत बसाल. उलट सकाळच्या ८ च्या बुकिंगला मधला वेळ नसतोच, तिथे खरोखर सगळे एकदम येतात. दोन्ही गर्दी वेगळ्या, चाचण्याही वेगळ्या हव्यात.

डेटा खराखुरा वाटेल एवढा हवा. माझ्या लॅपटॉपवर ५०० शेतकरी होते, केंद्राच्या टेबलात चार हंगामांच्या लाखो ओळी. पाचशे ओळींत इंडेक्स, म्हणजे ओळ पटकन शोधायची सूची, नसला तरी कळत नाही. लाखांत तो नसला की एकटा माणूसही रखडतो, आणि गर्दीत वेगळाच घोळ होतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवणीच्या इंजिनमध्ये एरवीच्या सेटिंगवर बिनइंडेक्सचा अपडेट जेवढ्या ओळी चाळतो तेवढ्या सगळ्यांना कुलूप लावतो. एका शेतकऱ्याचा खाते क्रमांक दुरुस्त करायला गेलात आणि सगळा तालुका थांबला. एसक्यूएल सर्व्हर एका आज्ञेत पाचेक हजार कुलपं झाली की ती सोडून सरळ पूर्ण टेबलालाच एक कुलूप लावायला बघतो. मात्र खरा डेटा उचलून चाचणीच्या मशीनवर आणताना आधार आणि बँक खाती आधी पुसा. एवढ्यात तरी आळस नको.

प्रोसिजरला दिली जाणारी मूल्यं बदलती ठेवा. इथे दोन्ही बाजूंना खड्डा आहे. प्रत्येक खोट्या ग्राहकानं एकाच शेतकऱ्याचं टोकन काढलं तर सगळे त्याच्याच खात्याच्या कुलुपावर अडकतील आणि प्रणाली आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. सगळं सारखं विखुरलं तर आहे त्यापेक्षा बरी दिसेल, कारण खरी गर्दी कधीच सारखी नसते. चार मोठ्या गावांच्या निम्म्या गाड्या असतात. पीजीबेंचच्या तयार चाचणीतच हा धडा आहे. तिच्यात बँकेच्या शाखांचं एक टेबल असतं आणि प्रत्येक व्यवहार एखाद्या शाखेची बेरीज बदलतो. एरवीच्या मापात शाखा एकच, खातेदार एक लाख. पन्नास ग्राहक सोडले की पन्नासही त्या एका शाखेच्या ओळीसमोर! म्हणून पीजीबेंचच्या माहितीपुस्तकातच सांगितलंय की माप निदान ग्राहकांच्या संख्येएवढं ठेवा. लोक ते न वाचता "पोस्टग्रेस हळू आहे" म्हणून मोकळे होतात.

बदलती मूल्यं लागतात याचं दुसरं कारण जास्त छुपं आहे. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, कोणत्या वाटेनं चालवायची याचा आराखडा डेटाबेस बनवतो आणि जपून ठेवतो. एसक्यूएल सर्व्हर पहिल्या हाकेला आलेलं मूल्य बघून आराखडा करतो. पहिली हाक वीस घरांच्या पोडाची आली तर त्याच मापाचा आराखडा मग चार हजार शेतकऱ्यांच्या गावालाही लावला जातो. पोस्टग्रेस पहिल्या पाच वेळा दिलेलं मूल्य बघून आराखडा करतो आणि सहाव्या वेळेपासून एकच सर्वसाधारण आराखडा परवडतो का ते ठरवतो. म्हणजे चार वेळा हातानं चालवून "मस्त चाललं" म्हणणाऱ्यानं सहावी वेळ बघितलेलीच नसते.

गर्दी एकदम सोडू नका, पायरीपायरीनं चढवा: १०, २५, ५०, १००, २००. प्रत्येक पायरीवर काही मिनिटं थांबा. सुरुवातीला ग्राहक वाढले की सेकंदाला होणारी कामं वाढतात. मग एका ठिकाणी ती वाढायची थांबतात आणि फक्त वाट वाढते. ते ठिकाण सापडावं म्हणून हा सगळा खटाटोप. त्याही पुढे रेटलं तर कामं चक्क कमी होऊ लागतात, कारण एकमेकांची वाट बघण्यातच सर्व्हर दमतो. आणि गर्दी सोडणारा कॉम्प्युटर वेगळा ठेवा, डेटाबेसच्याच मशीनवरून सोडली तर तो त्याचाच प्रोसेसर खातो.

सरासरीवर जाऊ नका

शंभर गाड्यांपैकी ९५ गाड्या ४ मिनिटांत मोकळ्या झाल्या आणि ५ गाड्या चार-चार तास अडकल्या, तर सरासरी येते १५.८ मिनिटं. पंधरा मिनिटं त्या आवारात कोणालाच लागली नव्हती. म्हणून शंभरातल्या ९५ व्या आणि ९९ व्या माणसाला किती वेळ लागला ते बघतात. भांडायला तोच येतो.

साधनंही इथे नकळत खोटं बोलतात. बहुतेक साधनांत खोटा ग्राहक उत्तर येईपर्यंत थांबतो आणि मग पुढची हाक देतो. मधे डेटाबेस दहा सेकंद गोठला, तर तेवढ्या वेळात जे शेकडो लोक खरोखर आले असते ते या चाचणीत येतच नाहीत. एकच हाक उशिराची नोंदली जाते, बाकी सगळं छान. काटा बंद पडल्यावर फाटकावरच्या माणसानं गाड्या आत सोडणंच थांबवावं आणि संध्याकाळी सांगावं की काट्यावर कोणालाच उशीर झाला नाही, तसं हे. गिल टेने या सॉफ्टवेअरवाल्यांनी या फसगतीकडे लोकांचं लक्ष वेधलं. पीजीबेंचमध्ये सेकंदाला अमुक हाका असा वेग ठरवून देता येतो. मग हाक ज्या क्षणी निघायला हवी होती तिथपासून वेळ मोजला जातो.

वेळ बघून झाला की हिशेब बघा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि बहुतेकांच्या चाचणीत ते नसतंही. चाचणी संपल्यावर तीन साधे प्रश्न: टोकनं जेवढी निघाली तेवढेच वेगळे नंबर आहेत का, केंद्राची बेरीज नोंदींच्या बेरजेशी जुळते का, ज्या हाका फसल्या त्यांच्या अर्धवट नोंदी कुठे उरल्या का. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. २५ क्विंटलची एक पावती दुबार झाली तर दोन लाखांवर रक्कम जाते. हळू चाललेलं प्रोसिजर शिव्या खातं, चुकीचं चाललेलं चौकशीला बसवतं.

पांदणीतले दोन ट्रॅक्टर

अरुंद पांदणीत समोरासमोर दोन ट्रॅक्टर आले, बाजूला काटेरी कुंपण. याला त्याची जागा हवी, त्याला याची. हा डेडलॉक. आमच्याकडे टोकन काढणारं प्रोसिजर आधी शेतकऱ्याच्या खात्याची ओळ धरायचं, मग केंद्राच्या बेरजेची. रद्द करणारं प्रोसिजर दुसऱ्या पोरानं लिहिलेलं, ते उलट क्रमानं धरायचं. शेतकरी मोबाइलवरून जुनं टोकन रद्द करतोय आणि त्याच क्षणी खिडकीवर त्याचा भाऊ त्याच्याच नावानं नवं काढतोय, की गाठ बसली.

डेटाबेस ही गाठ ओळखून एकाला मागे घ्यायला लावतो, त्याचं सगळं काम रोलबॅक होतं. पोस्टग्रेस एक सेकंद वाट बघून मग तपासतो. इनोडीबी लगेच तपासतो. एसक्यूएल सर्व्हर एरवी पाच सेकंदांनी बघतो आणि ज्याचं काम उलटवणं स्वस्त त्याला बळी देऊन १२०५ ही एरर देतो. उपाय साधा आहे, सगळ्या प्रोसिजरनी ओळी एकाच क्रमानं धरायच्या. पण ही गाठ दिसायची असेल तर दोन्ही प्रोसिजर एकत्र चालवावी लागतात. फक्त टोकन काढायची चाचणी रात्रभर चालवली असती तरी ती सापडली नसती. खऱ्या दिवसाची भेसळ हवी: इतकी टोकनं, इतकी रद्द, इतक्या पावत्या, आणि मधेच संध्याकाळचा मोठा अहवाल काढणारा एक साहेब.

लाइन गेली तर

शहरात लिहिलेल्या चाचण्यांत एक गोष्ट हमखास सुटते. आपल्याकडे लाइन जाते, नेट जातं. खिडकीवरच्या कॉम्प्युटरनं काम सुरू केलं, नंबराच्या ओळीला कुलूप लागलं, आणि कमिट म्हणायच्या आत राउटर बंद पडला. सर्व्हरला हे कळतच नाही. पलीकडचा माणूस विचार करतोय असं समजून तो कुलूप तसंच धरून बसतो. लिनक्सची एरवीची सेटिंग अशी की गप्प पडलेल्या कनेक्शनला ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी, पहिल्यांदा "आहे का रे" विचारायचं. मग ७५-७५ सेकंदांनी नऊ वेळा. तोवर एका राउटरपायी सगळ्या खिडक्या उभ्या.

ही चाचणी मी हातानंच केली. पन्नास खोटे ग्राहक चालू ठेवले, एका वेगळ्या लॅपटॉपवर व्यवहार अर्धवट सोडला आणि केबल उपटली. आलेख सरळ शून्यावर गेला. पोस्टग्रेसमध्ये व्यवहार उघडा टाकून गप्प बसलेल्याला किती वेळ सहन करायचं याची मर्यादा घालता येते, पण ती मुळात बंद असते. मी ती १५ सेकंद केली, पुन्हा केबल उपटली, आणि सोळाव्या सेकंदाला रांग हलली. प्रोसिजर एका हाकेतच कमिटसकट संपेल असं लिहिलं तर हा प्रसंग आणखी दुर्मिळ होतो. आता आम्ही तसंच लिहितो.

नंबरासाठी सिक्वेन्स का वापरला नाही, असं कोणीतरी विचारेलच. डेटाबेसची सिक्वेन्स, म्हणजे आपणच पुढचा नंबर देणारी सोय, नंबर देताना कोणाला व्यवहार संपेपर्यंत थांबवत नाही, मग रांगच नाही. पण फसलेल्या व्यवहाराचा नंबर ती परत घेत नाही, त्यामुळे मधे नंबर गळतात. टोकनला चालतं. ११८ नंतर १२० आला तर कोणाचं काही बिघडत नाही, आणि पुढच्या हंगामात टोकन आम्ही सिक्वेन्सवरच नेलं. पावतीला चालत नाही. हिशेब तपासणारा माणूस गळालेल्या पावतीचा नंबर बोट ठेवून विचारतो. म्हणून पावती अजून त्या कुलूपवाल्या ओळीवरच आहे, सेकंदाला पंचवीसच्या वर जात नाही, आणि मी तिला हात लावलेला नाही. आमच्याकडे चार काटे आहेत, एका गाडीला तीन मिनिटं, म्हणजे तासाला ऐंशी पावत्या.